चांगली चालतेस की!

आमच्या घरात मला शिव्या फक्त एकाच गोष्टीसाठी मिळायच्या. गुडघ्यावर हात ठेवला म्हणून. भाजी करपली, दूध उतू गेलं, परीक्षेत गणितात गटांगळी खाल्ली, यातलं काहीही चालून जायचं. पण डाव्या गुडघ्याकडे माझा डावा हात नुसता सरकला, की आई जिथे असेल तिथून ओरडायची, "हात!" बस्स, एवढंच. तिची पाठ माझ्याकडे असली तरी तिला कळायचं. दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला होता. डावा पाय उजव्यापेक्षा अडीच बोटं आखूड राहिला आणि मांडीत जोरच आला नाही. पाऊल टाकलं की गुडघा आत मुडपायचा. तो मुडपू नये म्हणून त्याला हातानं मागे रेटायचं, आणि मग पुढचं पाऊल. पोलिओ झालेली बहुतेक माणसं तशीच चालतात. मला मात्र तसं चालायची परवानगी नव्हती.

रोज संध्याकाळी आमच्या मागच्या अंगणात माझी तालीम चालायची. आई पितळेचे दोन तांबे काठोकाठ भरायची आणि माझ्या दोन्ही हातांत द्यायची, म्हणजे हाताला गुडघ्याकडे जायला वावच नको. नळापासून मागच्या दारापर्यंत चौदा पावलं होती. पाणी सांडलं की पुन्हा नळापासून सुरुवात. अंग पुढे झुकवून, कंबर किंचित फेकून, गुडघा मुडपायच्या आत त्याच्यावरून निसटायचं, हे तंत्र मला कुणी शिकवलं नाही. माझं मीच ते पडून पडून शोधलं. पुढच्या खोलीत बाबांची हातोडी चालू असायची, जोड्याच्या लाकडी फर्म्यावर चढवलेल्या चामड्यावर ठक ठक. मी पडले की ती थांबायची. मी उठून तांबे पुन्हा भरले की सुरू व्हायची. ते कधी बाहेर येऊन बघत नसत. दहाव्या वर्षापर्यंत मी ती चौदा पावलं पाण्याचा थेंब न सांडता चालू लागले. चौदा पावलांपुरती मी कुणालाही फसवू शकत होते. पंधराव्याला गुडघा दगा द्यायचा, म्हणून चौदाव्याला मी काहीतरी निमित्त काढून थांबायचे.

आईचा राग करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. अजून अधूनमधून करते. पण तिची धाकटी बहीण, माझी शांतामावशी, जन्मतःच एका हातानं अधू होती. मामाच्या घरी तिनं उभा जन्म चुलीपुढे काढला. पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत पाठवायचे. आई म्हणायची, "तुले शांता नाई होऊ देणार मी. लोकायले दिसलंच नाई पाहिजे." त्या वेळी मला ते प्रेम वाटायचं. आज विचाराल तर ते प्रेम होतंच, पण कुठल्याशा भीतीनं पार सडलेलं.

बाबा चपला-जोडे करायचे. इतवारा बाजाराकडे जाणाऱ्या गल्लीत आमचं घर आणि घराच्या पुढच्याच खोलीत दुकान. चामडं चिकटवायच्या सोल्युशनचा वास आमच्या भाकरीलासुद्धा यायचा. त्यांनी माझ्यासाठी जे जोडे केले, तसे अमरावतीत दुसऱ्या कुणी केले असतील असं मला वाटत नाही. उंच टाचेचा एकच जोडा केला असता तर पाय आखूड आहे हे सगळ्या गावाला कळलं असतं. म्हणून ते दोन्ही जोडे बाहेरून हुबेहूब सारखे आणि सारखेच जाड करायचे. डावा आतून कॉर्कनं भरलेला. उजवा आतून पोकळ, म्हणजे चांगला पाय त्यात खोल उतरायचा. दोन्ही पाय एका पातळीला. हे काम ते पडदा ओढून करायचे. गिऱ्हाईक आलं की जोडा पोत्याखाली. शाळेत मला "जरा सावकाश चालणारी" म्हणायचे, आणि या वाक्याचा आमच्या घरात कोण अभिमान होता.

बारावी झाले. डी.एड. करायचं होतं, मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काही सुचलंच नव्हतं. मार्क बेताचे. माझ्या वर्गाच्या बाईंनी बाबांना बोलावून सांगितलं, की अकोल्याच्या एका कॉलेजात अपंगांसाठी एक जागा राखीव आहे, दवाखान्यातून दाखला आणा. 'अपंग' हा शब्द त्यांच्या तोंडावर त्यांच्या मुलीबद्दल पहिल्यांदा कुणी उच्चारला होता. (आता आम्हाला दिव्यांग म्हणतात. दवाखान्याच्या व्हरांड्यातलं बाकडं मात्र तेच आहे, एका पायानं लंगडणारं.) घरी येऊन त्यांनी आईला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "डॉक्टरसमोर जायाचं हाय. पोरीले नवा जोडा लागन."

आठ दिवस ते दुसऱ्या कुणाचं काम घेत नव्हते. मऊ, मरून रंगाचं चामडं आणलं. आरीचा एकेक टाका मोजून घातला. असा जोडा मी त्यांच्या हातून पुन्हा कधी पाहिला नाही. घालून अंगणात चालले तर मलाच वाटलं, माझे पाय बरे झाले. आईनं माझी दृष्ट काढली. आणि आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही, की आपण अपंगाचा दाखला मागायला निघालो आहोत.

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात दाखल्यांचा बोर्ड बुधवारी बसायचा. व्हरांड्यात कुबड्या घेतलेले, हातांवर सरपटत आलेले, आईच्या कडेवर मोठी झालेली माणसं बसली होती. खरं ते लिहिते, कारण या वयात खोटं लिहून मला काय मिळणार? मला त्यांची किळस आली. मी बाकाच्या अगदी टोकाला, अंग चोरून बसले होते आणि मनात म्हणत होते, मी यांच्यातली नाही. नाव पुकारलं. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते. "दारापासून इथपर्यंत चालून दाखव." दारापासून टेबलापर्यंत नऊ पावलं. हात दोन्ही बाजूंना, जणू तांबे धरलेत. मी चालले. जन्मात चालले नव्हते इतकी छान चालले. डॉक्टरांनी मान वर केली. "अरे वा! चांगली चालतेस की!" जोडे काढ म्हणाले नाहीत, पाय मोजला नाही. बाहेर रांग होती, त्यांनी एक आकडा लिहिला. आणि मी, मूर्ख, खूश होऊन म्हणाले, "थँक्यू सर."

कागद हातात आला तेव्हा बाबांनी शिपायाला विचारलं, "किती हायेत?"

"पस्तीस टक्के."

बाबांचा चेहरा असा फुलला की काय सांगू! आमच्या घरात पस्तीस या आकड्याचा एकच अर्थ होता. "पास झाली माही पोरगी," ते म्हणाले. चौकात त्यांनी मला गिला वडा खाऊ घातला, वर दही मागून घेतलं. आईनं संध्याकाळी पाटवडीचा रस्सा केला. त्या संध्याकाळी तालीम झाली नाही. मी सुटले, असं मला वाटलं.

अकोल्याच्या कॉलेजातल्या बाबूनं कागद एकदा पाहिला आणि खिडकीतून परत सरकवला. "चाळीस लागतेत. चाळीसच्या खाली अपंगात धरत नाई."

"साहेब, पाचानंच तं कमी हाय," बाबा म्हणाले.

"पाच असो का एक. पोरगी चांगली हाय तुमची, खुशी माना ना!" मग त्याला थोडी दया आली असावी. "आठ दिवस हायेत. पुढच्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत नवा दाखला आणा. नाई आणला तं जागा ओपनमंधी जाईन."

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरला एसटी थांबली तेव्हा बाबांनी माझ्या जोड्यांकडे पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर वळवली. मला वाटतं, त्यांना तिथेच सगळं कळलं होतं.

मधल्या बुधवारी पुन्हा अमरावतीच्या दवाखान्यात गेलो. आईनं निघताना डोळे पुसत सांगितलं, "आज ठेव वं हात. जशी चालतं तशी चाल." मी दारातून हात गुडघ्यावर ठेवून, वाकून, लंगडत आत गेले. डॉक्टरांनी आधी माझे मरून जोडे ओळखले, मग मला. "मागच्या आठवड्यात तर छान चालत होतीस. हे नाटक कोणी शिकवलं?" वीस माणसं बघत होती. जे नाटक होतं ते त्यांनी खरं मानलं होतं आणि जे खरं होतं त्याला ते नाटक म्हणत होते, आणि हे सांगायला माझ्याजवळ जीभ नव्हती. "एकदा झालं की झालं. पुढचा!"

मी ताठ बाहेर पडले. अपमानानं माणूस ताठ होतो. बाहेर थांबलेले बाबा शिपायाकडून कागद परत घ्यायला मागे राहिले होते. फाटकापर्यंत चौदा पावलं संपली, गुडघा मुडपला आणि मी एका टेलिफोन बूथच्या पायरीवर धाडकन आपटले. आतून आवाज आला, "पंधराव्याले पडली. पोलिओ हाय ना, बेटा?"

ते वानखडे काका. दोन्ही डोळ्यांनी आंधळे. फाटकाजवळचा तो बूथ त्यांचा होता. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, "पावलं आयकतो मी दिवसभर. तुही चौदा पावलं पाठ केल्यावानी हायेत. खरं पाऊल असं सारखं पडत नाई." मी त्या पायरीवर बसून जे रडले ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं. तोवर बाबा आले. काकांनी सगळी हकीकत विचारली, जोडे हातात घेऊन चाचपले, आत बोटं घातली, आणि जरा वेळानं म्हणाले, "कारागिरीले सलाम. पण तुमी लपवलं, आन् सरकारनं नाई पायलं. दोघायचं चांगलं जमलं बाप्पा! मधात पोरगी मेली." बाबांना इतकं कुणी कधी बोललं नव्हतं.

मग काकांनी मला वही काढायला लावली आणि अर्ज सांगितला. तपासणीच्या वेळी पादत्राणं काढायला सांगितलं नाही. पायाची लांबी मोजली नाही. मांडीची ताकद तपासली नाही. फेरतपासणी अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात व्हावी. अर्ज लिहिताना मी तीनदा "कृपया" घातलं. त्यांनी वाचून दाखवायला लावलं आणि दोन कृपया काढायला सांगितले. "एक राहू दे. भीक नाई मागून राहिली तू. मोजा म्हणून राहिली." त्या अर्जावर पोच घ्यायची असते हेही मला त्यांनीच शिकवलं. त्यांनीच फोन लावून लावून शुक्रवारची तारीख मिळवली. शेवटचा दिवस.

मधला एक दिवस कसा गेला ते मला नीट आठवत नाही. कुणी धड जेवलं नाही. भाकरी टोपल्यात कडक झाल्या. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि मरावंसं वाटत होतं, अगदी साधं, तहान लागल्यासारखं. आई एकदा जवळ आली आणि म्हणाली, "मी तुह्या भल्यासाठीच केलं ना वं?" मी उत्तर दिलं नाही. ते मी द्यायला हवं होतं. हातोडीचा आवाज त्या दिवशी आलाच नाही.

अकोल्याला तिघं डॉक्टर होते, मधोमध एक तरुण बाई. त्यांनी अर्ज वाचला, जुना दाखला वाचला. "चालून दाखव." मी दारात उभी होते. हात गुडघ्याकडे न्यायचा, एवढंच करायचं होतं. आणि हात जाईना. हे कुणाला सांगून पटत नाही, पण सोळा वर्षांची ती "हात!" अशी हाक माझ्या हाडांत बसली होती. शिवाय कानांत ते दुसरंही होतं, नाटक कोणी शिकवलं. मी ठेवला तर खोटी, नाही ठेवला तर धडधाकट. माझं अंग आपोआप पुढे झुकलं, कंबर फेकली गेली आणि मी सरळ, सुरेख चालू लागले. तीन पावलं, चार पावलं. मी आतून ओरडत होते आणि पाय छान चालत होते. एका डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात बाबा आत घुसले. शिपाई त्यांचा दंड धरत होता. ते सरळ माझ्यापुढे जमिनीवर बसले, माझ्या पायांतले जोडे काढले आणि पिशवीतून रापी काढली. चामडं कापायची त्यांची रोजची रापी. ती त्यांनी घरूनच आणली होती. दोनच घाव. आठ दिवस एकेक टाका घालून केलेला तो जोडा त्यांनी टाचेपासून उभा चिरला, मग दुसरा. आणि चारही तुकडे टेबलावर, त्यांच्या कागदांवर मांडले.

"हा भरेल हाय. हा पोकळ हाय. पाहा. पोरगी खोटी नाई साहेब. खोटं मी केलं."

कॉर्कचा भुगा कागदांवर पडला होता. कुणी तो झटकला नाही. त्या बाईंनी टेप काढली आणि मला झोपवून पहिल्यांदा माझा पाय मोजला. मांडीवर हात ठेवून म्हणाल्या, वर उचल. उचलला गेला नाही. मग म्हणाल्या, "आता चाल. घाई नाही." मी बाबांना बाहेर जायला सांगितलं. ते बाहेर गेले नाहीत, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी अनवाणी, गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, खाली-वर होत त्या खोलीत चालले. माझ्या बापाच्या देखत मी पहिल्यांदा माझी चाल चालले, आणि ती त्यांनी पाहिली नाही, फक्त ऐकली.

पंचावन्न टक्के. पण सही करणारे मोठे साहेब जेवायला गेले होते. ते आले चार वाजता. ऑटोनं कॉलेजात पोचलो तेव्हा घड्याळात साडेचार. राखीव जागेचं टेबल वरच्या मजल्यावर, बावीस पायऱ्या. कुठल्या शहाण्यानं ते तिथे मांडलं होतं देव जाणे! बाबा म्हणाले उचलून नेतो, मी नको म्हणाले. अनवाणी, एका हातानं गुडघा रेटत, दुसऱ्यानं कठडा धरत चढले. पोरी थांबून बघत होत्या. बाबूनं दाखला पाहिला, घड्याळ पाहिलं आणि मान खाली घातली. "ते जागा सकायीच ओपनले देऊन टाकली. तुमी येसान असं वाटलं नाई."

"पाच वाजेपर्यंत म्हनलं होतं तुमी," बाबा म्हणाले. बाबा तो कागद दोन्ही हातांत धरून उभेच. मग अगदी हळू, जणू त्याला अजून कळलं नसेल म्हणून, म्हणाले, "पंचावन्न हायेत आता."

मी आज मास्तरीण आहे. दुसऱ्या वर्षी त्याच दाखल्यावर दुसरीकडे जागा मिळाली, तेही सहजासहजी नाही. महिन्यातला एक बुधवार मी रजा टाकून त्या व्हरांड्यात जाऊन बसते. नटूनथटून, इस्त्रीचे कपडे घालून, कळा मुठीत धरून ताठ बसलेल्या पोरी मला लांबून ओळखू येतात. त्यांना मी सांगते, जोडे काढ, आणि घरी चालतेस तशी चाल. काही रागावतात. त्यांचं बरोबर आहे, मीही रागावले असते. पण कॉलेजच्या त्या बावीस पायऱ्या उतरणाऱ्या मुलीजवळून मी अजून हलू शकत नाही. तिला पुढचं काहीच माहीत नव्हतं. तिचं सगळं संपलं होतं.

त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही गल्लीत शिरलो. पाऊस लांबला होता, रस्ता दिवसभर तापलेला, आणि माझ्या पायांत काही नव्हतं. सगळी गल्ली ओट्यांवर बसली होती. सोळा वर्षं जे झाकलं ते मी त्यांच्यामधून चालवत नेलं, हात गुडघ्यावर. एका बाईनं पोराचं तोंड दुसरीकडे फिरवलं. आई मागच्या दाराशी उभी होती.

"झालं?" तिनं विचारलं.

"पंचावन्न," बाबा म्हणाले.

"मंग जागा?"

बाबा रिकामी पिशवी खुंटीला अडकवू लागले. खुंटी त्यांना सापडत नव्हती.

मी नळापाशी जायला निघाले. आईनं माझा हात पाहिला. तिचं तोंड सवयीनं उघडलं. मी वाट पाहिली. नळापाशी दोन्ही तांबे भरून ठेवलेले होते. संध्याकाळ झाली म्हणून तिनं ते नेहमीसारखे भरले होते, का भरले ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं त्यातला एक उचलला, माझ्यापुढे उकिडवी बसली आणि माझ्या पायांवर ओतला. मग दुसरा. तो सगळा डाव्या पायावर. "किती भाजला वं," ती म्हणाली, आणि ते पाऊल तिनं तळहातावर घेतलं. मी गुडघ्यावरचा हात काढला नाही, आणि तिनंही काढ म्हटलं नाही.